पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीची पहिली बंदूक: आधी कागद, मग खांदा, मग काडतूस

कुडाळजवळच्या आमच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक माजघरात टांगलेली असायची. शेतीसंरक्षणाचा परवाना होता. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागले की सोडवून आणायची. तिचं काम एकच. भातात रानडुकरं शिरली की रात्री एक बार काढायचा, म्हणजे ती पळायची. एवढ्या शिदोरीवर मला वाटायचं की बंदुकीतलं आपल्याला बऱ्यापैकी कळतं.

पेनसिल्व्हेनियात ग्रीन कार्ड मिळाल्यावर पहिली रायफल घ्यायला गेले, तेव्हा अर्ध्या तासात तीन चुका केल्या. चुकीच्या जागेसाठी, चुकीच्या मापाची आणि चुकीच्या ताकदीची बंदूक घरी आणली. नंतर मंडळाच्या गणपतीत, कोजागरीला, कुठेही भेटले की लोक हळूच विचारायचे, "तू शिकारीला जातेस ना? मलाही जायचंय, कुठली गन घेऊ?" मी दरवेळी एकच उलट प्रश्न विचारते: शिकार कुठल्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, करणार? बहुतेकांकडे उत्तर नसतं. माझ्याकडेही नव्हतं.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषयच संपला, आणि ते बरंच झालं. इथलं गणित वेगळं आहे. व्हाइटटेल हरणं इतकी वाढतात की राज्य स्वतः परवाने देऊन त्यांची संख्या आटोक्यात ठेवतं. पेनसिल्व्हेनियात अलीकडे एका हंगामात चार लाखांहून जास्त हरणांची शिकार होते. हे काम पाहणारं गेम कमिशन १८९५ पासून आहे. खाली लिहिलंय ते याच राज्यापुरतं. ओहायो किंवा न्यू जर्सीत राहत असाल तर बंदूक खांद्याला लावून पाहण्याचा भाग तसाच वापरा, नियम मात्र तिथले वाचा.

पायरी १: दुकानाआधी कागद

नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी गोष्ट तुलनेने सोपी आहे. एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन, व्हिजिटर यांपैकी कुठल्याही व्हिसावर असलेल्यांनी मात्र हा भाग दोनदा वाचावा.

फेडरल कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. नुसती विकत घेणं नव्हे, ताब्यात असणंसुद्धा. नेमबाजीच्या रेंजवर तासभर भाड्याने घेतलेली बंदूक हाही ताबाच. या नियमाला जे थोडे अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा एक: कुठल्याही अमेरिकन राज्याचा चालू शिकार परवाना तुमच्याकडे असेल तर बंदी लागू होत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी शिकारी प्रशिक्षणाचा कोर्स, मग शिकार परवाना, आणि त्यानंतरच बंदुकीला हात. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. इथला परवाना १ जुलै ते ३० जून असतो, तेव्हा जुलै उजाडायच्या आत नवा काढा. प्रत्येकाला स्वतःचा परवाना लागतो, नवऱ्याचा बायकोला चालत नाही. व्हिसावर असाल तर एकदा इमिग्रेशन वकिलाशी बोलून घ्या. त्याची फी बंदुकीच्या बजेटमध्येच धरा.

यातलीच एक गोष्ट आपल्या घरांत हमखास घडते. सासू-सासरे व्हिजिटर व्हिसावर आलेले असतात, जावई कपाटातून रायफल काढून दाखवतो, आणि सासरे म्हणतात, "बघू जरा, एक फोटो काढ." नका देऊ. रिकामी असली तरी नका देऊ. तो फोटो फॅमिली ग्रुपवर जाणार आणि तिथून कुठे जाईल ते सांगता येत नाही.

कोर्स अवघड नाही, ऑनलाइनही होतो. पण जमलं तर प्रत्यक्ष वर्गाला बसा. माझ्या वर्गात अकरा-बारा वर्षांची पोरं होती आणि निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यांनी माझ्याआधी दिली. कुंपण ओलांडताना बंदूक कशी खाली ठेवायची, हे त्यांच्यातल्याच एका मुलीने मला करून दाखवलं. राज्याच्या रहिवाशाला साधा परवाना वीस-एकवीस डॉलरला मिळतो आणि त्यात एक शिंगवाला नर येतो. मादीसाठी वेगळा, स्वस्त परवाना असतो.

दुकानात गेल्यावर ४४७३ क्रमांकाचा फेडरल फॉर्म भरावा लागतो. त्यानंतर दुकानदार राज्य पोलिसांच्या यंत्रणेतून तुमची पार्श्वभूमी तपासतो. रायफल किंवा शॉटगनसाठी (म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीसाठी) वय किमान १८ लागतं. आपल्या लोकांची गाडी इथे दोन ठिकाणी अडते. एक, नाव. ग्रीन कार्डावर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, ड्रायव्हिंग लायसन्सवर नुसतं आद्याक्षर, असा घोळ असेल तर आधी निस्तरा. दोन, पत्ता. घर बदललं पण लायसन्सवर जुनाच पत्ता राहिला, तर हात हलवत परत यावं लागतं.

फॉर्मवर गांजाबद्दलही सरळ प्रश्न आहे. राज्याचं मेडिकल कार्ड असलं तरी फेडरल कायद्याच्या नजरेत ते सेवन बेकायदाच आहे, तसं फॉर्मवर छापलेलंही असतं. खोटं उत्तर देणं हा वेगळा गुन्हा. आणि "तू सिटिझन आहेस, तुझ्या नावावर घे, पैसे मी देतो" हा प्रकार तर अजिबात नको. दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर बंदूक घेणं हा फेडरल गुन्हा आहे. मैत्रीखात्यात फ्लॅटच्या भाडेकरारावर सही करण्याइतकं ते किरकोळ नाही.

पायरी २: काउंटी ठरली की निम्मी बंदूक ठरली

माझी पहिली चूक इथली. मी चेस्टर काउंटीत राहते. शेजारी एक निवृत्त ट्रकचालक आहेत. त्यांच्या मेव्हण्याची शेती घरापासून वीस मिनिटांवर, आणि तिथे शिकारीची परवानगी मिळाली होती. मी आनंदात नवी रायफल घेऊन त्यांना दाखवायला गेले. त्यांनी ती हातात घेतली, बोल्ट, म्हणजे काडतूस भरायचा दांडा, मागे ओढून रिकामी असल्याची खात्री केली, उलटीपालटी करून पाहिली आणि परत देत म्हणाले, "बंदूक छान आहे. पण या काउंटीत हिने हरीण मारलंस तर वॉर्डन, म्हणजे गेम कमिशनचा अधिकारी, तुला दंडाची पावती फाडेल."

फिलाडेल्फियाभोवतीच्या बक्स, मॉन्टगोमेरी, चेस्टर आणि डेलावेअर काउंट्या, खुद्द फिलाडेल्फिया, आणि पश्चिमेला पिट्सबर्गची अॅलेगेनी काउंटी हा विशेष नियमांचा भाग आहे. वस्ती दाट आणि रायफलची गोळी लांब जाणारी. म्हणून इथे हरणासाठी साधी रायफल चालत नाही. शॉटगन, ठासणीची बंदूक किंवा धनुष्यबाण वापरायचा. गंमत अशी की राज्यातला बहुतेक मराठी माणूस नेमका याच पाच-सहा काउंट्यांत राहतो.

तर दोन वाटा. घराजवळच शिकार करणार असाल तर शॉटगन घ्या. उत्तरेला पॉटर, टायोगा, क्लिंटन अशा डोंगराळ काउंट्यांत जाणार असाल तर रायफल. तिथे स्टेट गेम लँड्स म्हणजे शिकारीसाठी राखलेली सरकारी जंगलं आहेत. राज्यभर मिळून सुमारे १५ लाख एकर, आणि त्यात कुणाचीही परवानगी मागावी लागत नाही. पण चेस्टरहून चार-साडेचार तास गाडी हाकायची, पहाटे तीनला उठायचं किंवा मोटेल घ्यायचं. हंगामात किती वेळा जमेल याचा प्रामाणिक विचार करा. दुकानात उभं असताना सगळ्यांनाच वाटतं की आपण दर शनिवारी जाऊ.

शॉटगनची वाट धरली तर गेजचा हिशेब समजून घ्या, कारण तो उलटा चालतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा गेज. वीस केल्या तर वीस गेज. म्हणजे आकडा मोठा, नळी बारीक. हरणासाठी छर्ऱ्यांऐवजी स्लग वापरायचा, म्हणजे एकच जाड गोळी. बारा गेजच्या स्लगचा धक्का .३०-०६ हे जोरदार काडतूस झाडणाऱ्या बऱ्याच रायफलींहून जास्त बसतो. दुकानात हे सहसा कुणी सांगत नाही, कारण 'शॉटगन म्हणजे नवशिक्याची' असा समज पक्का आहे. मी नवख्यांना वीस गेज सुचवते. हरणाला ती पुरते.

नळी कुठली आहे तेही विचारा. आतून गुळगुळीत असेल तर रायफल्ड स्लग म्हणून मिळतो तो वापरायचा, आणि साठ-सत्तर यार्डांपलीकडे जायचं नाही. नळीला आतून पीळ असेल, म्हणजे रायफल्ड बॅरल असेल, तर प्लास्टिकच्या वेष्टणातला सॅबो स्लग घ्यायचा. सराव चांगला असेल तर तो शंभर यार्डांच्याही पुढे जातो. नावं फसवी आहेत: रायफल्ड स्लग हा रायफल्ड बॅरलसाठी नसतो. मॉसबर्ग ५०० आणि रेमिंग्टन ८७० या दोन पंप शॉटगन (नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायच्या) वर्षानुवर्षं चालत आल्या आहेत. मॉसबर्ग दोन नळ्यांच्या जोडीतही मिळते, एक स्लगसाठी आणि एक पक्ष्यांसाठी. नुसतं हरीणच करायचं असेल तर सॅव्हेज २२० ही वीस गेजची बोल्ट बंदूक नेमाला रायफलच्या जवळ जाते.

हे नियम दरवर्षी थोडेथोडे बदलतात. कमिशनची त्या वर्षीची पुस्तिका उघडून आपल्या भागाचं पान वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

पायरी ३: आधी डोळा, मग खांदा

दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांची छोटी खिडकी करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरचं घड्याळ पाहा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ खिडकीत दिसत राहतं तो तुमचा मुख्य डोळा. लिहिता उजव्या हाताने पण मुख्य डोळा डावा, असं बऱ्याच जणांचं असतं. त्यांनी डाव्या खांद्यावरून नेम धरायला शिकलेलं बरं, आणि मग डावखुरी बंदूक पाहायची. वीस वर्षं चुकीच्या डोळ्याने नेम धरणारे लोक मी पाहिलेत. ते बंदुकीला दोष देत राहतात.

दस्त्याची लांबी ही माझी दुसरी चूक. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर बहुतेक बंदुकांत साडेतेरा-पावणेचौदा इंच असतं. ते साधारण सहा फुटी माणसाच्या मापाचं. मी पाच फूट दोन इंच. दुकानात टी-शर्टवर लावून पाहिली तेव्हा जमल्यासारखी वाटली. नोव्हेंबरच्या शेवटी आत थर्मल, वर स्वेटर, त्यावर जाड जॅकेट आणि नारिंगी बंडी चढली, की खांदाच इंचभर पुढे येतो. दस्ता काखेत अडकला आणि नेम धरेपर्यंत समोरची मादी शेपटीचा पांढरा झेंडा दाखवत निघून गेली.

तेव्हा हिवाळी जॅकेट घेऊन दुकानात जा. ऑगस्टमध्ये गेलात तरी. लोक बघतात, बघू द्या. कोपर काटकोनात वाकवून दस्ता कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा. बोटाचं पहिलं पेर चापावर सहज पोचलं पाहिजे. मग डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा आणि डोळे उघडा. बंदुकीवरच्या दुर्बिणीत पूर्ण गोल चित्र दिसलं तर माप जुळलं. काळी कड दिसली, मान पुढे ताणावी लागली किंवा मागे घ्यावी लागली, तर नाही जुळलं. उंची कमी असेल तर 'कॉम्पॅक्ट' किंवा 'यूथ' नावाची मॉडेलं मागा. यूथ म्हणजे पोरांची, असं वाटून लाजू नका. काही रायफलींच्या दस्त्यात पट्ट्या घालून लांबी वाढवता येते. घरात दोघं वापरणार असतील तर ती सोय फार कामाची.

वजन दुर्बिणीसकट साडेसात-आठ पौंडांच्या आसपास असू द्या. फार हलकी बंदूक खांद्यावर वाहायला सुखाची, पण तेवढीच जोरात लाथ मारते.

पायरी ४: काडतूस, आणि माझी चंद्रकोर

दुकानातल्या विक्रेत्याने मला .३०० विंचेस्टर मॅग्नम या दणकट काडतुसाची रायफल दिली होती. "एल्कपर्यंत (हे व्हाइटटेलहून बरंच मोठं हरीण) सगळं होईल, पुन्हा दुसरी घ्यायला नको." आपल्याला हा युक्तिवाद लगेच पटतो. मोठा कुकर घ्या, पाहुणे आले तरी पुरतो. रेंजवर पहिली गोळी झाडली आणि दुर्बिणीची कड भुवयांच्या मधोमध आदळली. डोळा फार जवळ नेला होता. दोन टाके पडले. आठवडाभर कपाळावर अशी रेखीव चंद्रकोर होती की नऊवारी नेसून हळदीकुंकवाला गेले असते तर कुणी विचारलंही नसतं.

जखम भरली, भीती राहिली. नंतर नेम कुठेही लागेना. शेजारच्या काकांनी, त्यांना मी आता काकाच म्हणते, एक प्रयोग केला. बंदूक ते भरणार, मी फक्त झाडायची. कधी खरं काडतूस, कधी नकली, मला न सांगता. चौथ्या वेळी नकली निघालं. चाप ओढला, 'टिक' एवढाच आवाज आला, आणि तरीही माझे डोळे घट्ट मिटले, खांदा आकसला आणि नळीचं तोंड चक्क चार बोटं खाली गेलं. धक्का नव्हताच. मी स्वतःच बंदूक हलवत होते. आजोबा म्हणायचे, "बार मोठो म्हणान नेम बरो, असा काय नसता." ते कुणाला उद्देशून म्हणायचे ते तेव्हा कळलं नव्हतं.

व्हाइटटेल हे काही रानगवा नव्हे. गोळी खांद्याच्या मागे, फुप्फुस-हृदयाच्या जागी लागली तर मध्यम काडतूस पुरून उरतं. आणि पेनसिल्व्हेनियाच्या दाट रानात हरीण दिसतं तेच मुळी पन्नास-शंभर यार्डांवर. तेव्हा आधी धक्का पाहा, ताकद नंतर. आठ पौंडांच्या रायफलीत वेगवेगळ्या काडतुसांचा धक्का ढोबळमानाने असा बसतो (फूट-पौंड हे धक्क्याचं माप): .२४३ विंचेस्टर नऊ-दहा फूट-पौंड, ६.५ क्रीडमूर बारा, ७ एमएम-०८ तेरा-चौदा, .३०८ विंचेस्टर सोळा-सतरा, .३०-०६ वीसच्या घरात, आणि माझी ती मॅग्नम पंचवीसच्या वर. नवख्याने पंधराच्या आत राहावं असं माझं मत. फार तर .३०८पर्यंत जा, ती अगदी वरची हद्द.

मला एकच नाव सांगा म्हणाल तर ७ एमएम-०८. धक्का बेताचा, आणि हरणाला हवं ते सगळं आहे. तिची उणीव एवढीच की हंगाम तोंडावर आला की गावातल्या छोट्या दुकानात ती काडतुसं सापडत नाहीत. .३०८ आणि ६.५ क्रीडमूर कुठेही मिळतात, .३०८ची सरावाची काडतुसं त्यातल्या त्यात स्वस्त. .२४३ला लोक हलकं समजतात. नेम नीट असेल तर ते हरणाला पुरेसं आहे. पण गोळी शंभर ग्रेनच्या आसपासची आणि हरणासाठी बनवलेलीच घ्या, कारण त्याच काडतुसात कोल्ह्या-घुशींसाठीच्या फटकन फुटणाऱ्या गोळ्याही मिळतात.

हे आकडे शिस्तीने ठेवलेले नाहीत, त्यामुळे त्यातून तर्क काढत बसू नका. .३०-०६ मधलं ०६ हे १९०६ साल. .३०-३० मधला दुसरा तीस म्हणजे मूळच्या काडतुसातली तीस ग्रेन दारू. आणि .२७०ची गोळी प्रत्यक्षात .२७७ इंचाची असते.

ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप. आपल्याकडे समजावून सांगायला मी सोनं वापरते. एक तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. .३०८ला हरणासाठी साधारण १५० ग्रेनची गोळी वापरतात, म्हणजे तोळ्याला थोडी कमी. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "एका हरणाला पाऊण तोळा?" अगदी पाऊण नाही, पण मुद्दा पोचला.

गोळी आत शिरल्यावर फुलणारी हवी, पाकिटावर 'सॉफ्ट पॉइंट' वगैरे लिहिलेलं असतं. लष्करी धाटणीची, पूर्ण धातूच्या कवचाची गोळी हरणासाठी बेकायदा आहे. ती आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन भटकत राहतं. घरात लहान मुलं असतील तर तांब्याच्या गोळ्यांचा विचार करा. शिशाची गोळी फुटली की बारीक कण जखमेभोवतीच्या मांसात पसरतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. तांब्याच्या गोळ्या महाग आहेत. पण ते मटण शेवटी आपल्याच मालवणी मसाल्यात पडणार असतं.

पायरी ५: यंत्रणा

यात फार वेळ घालवू नका. या राज्यात सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या, रायफलने हरीण मारता येत नाही, म्हणजे एआर-१५ या त्या जातीच्या प्रसिद्ध रायफलीचा प्रश्न मिटला. बोल्ट अॅक्शन घ्या, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट मागे-पुढे करायची. साधी, स्वस्त, नेमाला चांगली, आणि बोल्ट उघडा असला की बंदूक सुरक्षित आहे हे दहा फुटांवरून शेजाऱ्यालाही दिसतं. रुगर अमेरिकन, सॅव्हेज अॅक्सिस, मॉसबर्ग पॅट्रियट यांपैकी कुठलीही चालेल. चारशे ते सहाशे डॉलरमध्ये मिळणाऱ्या या रायफली तुमच्या नेमाहून चांगल्याच आहेत.

मार्लिन ३३६ किंवा विंचेस्टर ९४ सारखी .३०-३०ची लीव्हर बंदूक (चापाजवळची कडी खाली-वर करून भरायची) इथल्या रानाला छान शोभते आणि दीडशे यार्डांपर्यंत भरवशाची आहे. पण तिच्या नळकांडीत काडतुसं एकामागे एक, टोकाला बूड लागून बसतात. म्हणून टोकदार गोळ्या घालायच्या नाहीत. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आपटलं तर आतच बार व्हायचा. बोथट गोळ्या किंवा खास मऊ टोकाच्या गोळ्याच वापराव्या लागतात.

जुन्या बाजारात रेमिंग्टन ७६० नावाची पंप रायफल दिसेल. पेनसिल्व्हेनियाच्या म्हाताऱ्या शिकाऱ्यांची ती लाडकी. आवडली तर घ्या. वापरलेली कुठलीही बंदूक घेताना नळीत उजेड टाकून आत गंज आहे का पाहा, दस्त्याला मनगटाशी चीर आहे का पाहा, आणि दुकानदाराला विचारून रिकाम्या बंदुकीचा चाप आणि सेफ्टी दोन्ही तपासा. दोन-अडीचशे डॉलर वाचतात.

पायरी ६: दुर्बीण आणि उरलेले पैसे

आठशे डॉलर असतील तर सगळे बंदुकीत घालू नका. मी घातले होते. दुर्बीण ३-९×४०ची घ्या, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, चाळीस मिलिमीटर काचेची. शिकारीत ती जवळजवळ नेहमी तीनवर किंवा चारवर ठेवायची, नवावर ठेवली की जवळचं हरीण म्हणजे नुसती करडी भिंत दिसते. डोळा आणि काच यात साडेतीन-चार इंच अंतर राहील अशी बसवून घ्या, माझी चंद्रकोर आठवा. चांगले माउंट (दुर्बीण बंदुकीवर बसवायच्या पकडी), कानांचं संरक्षण, कुलूप आणि सरावासाठी शंभर तरी काडतुसं यांचे पैसे बाजूला काढूनच रायफलीची किंमत ठरवा. आणि नारिंगी बंडी-टोपी. रायफल हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच भडक नारिंगी रंग अंगावर लागतो, आणि तो चारही बाजूंनी दिसायला हवा.

पायरी ७: कागदी ताटली

बंदूक आली की पहिलं लक्ष्य पंचवीस यार्डांवर लावा, शंभरावर नाही. तिथे गोळी कागदावर आली की मगच शंभराला जा. तीन गोळ्या झाडा, त्यांचा मध्य पाहा, मग दुर्बिणीचा स्क्रू फिरवा. एकेका गोळीमागे फिरवत बसलात तर डबा संपेल आणि नेम तिथेच राहील. बहुतेक दुर्बिणींत एक 'टिक' म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच. गोळ्या दोन इंच डावीकडे पडत असतील तर उजवीकडे आठ टिक. नळी गरम झाली की थांबा, चहा प्या.

टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकवून नेम जुळला म्हणजे झालं नाही, रानात टेबल नसतं. बारशाला वापरतो तसली आठ-नऊ इंची कागदी ताटली घ्या. हरणाच्या छातीतली मर्माची जागा साधारण तेवढीच असते. बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून, जॅकेट घालून पाच गोळ्या झाडा. पाचही ताटलीत बसल्या ते अंतर तुमचं. चार बसल्या तर दहा यार्ड पुढे या. माझं अंतर पहिल्या वर्षी सत्तर यार्ड होतं, आणि मी त्या वर्षी नव्वद यार्डांवरचा एक सुरेख नर सोडून दिला. काका अजून चिडवतात.

घरच्या घरी रिकाम्या बंदुकीचा सराव रोज दहा मिनिटं करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत, बंदूक दोनदा तपासलेली, नेम अशा भिंतीकडे की पलीकडे कुणी नाही. महिन्याभराने चाप ओढताना पापणी लवणं थांबतं.

पायरी ८: कपाट

आपल्या घरी दार उघडंच असतं. शनिवारी चार कुटुंबं जेवायला, मुलं वरच्या मजल्यावर लपाछपी खेळतायत, आणि सगळ्यात चांगली लपायची जागा म्हणजे बेडरूमचं कपाट. तेव्हा कुलूपबंद लोखंडी कपाट भिंतीला बोल्टने जखडलेलं, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली फ्रिजवरच्या वाटीत नाही. पोरांना ती वाटी माहीत असते. गाडीतून नेताना रायफल रिकामी, पेटीत बंद. या राज्यात भरलेली रायफल गाडीत ठेवणं बेकायदा आहे.

मॅग्नम मी पुढच्याच उन्हाळ्यात दुकानाला परत विकली, अडीचशे डॉलर तोटा खाऊन. आता शेतीसाठी वीस गेज आहे आणि पॉटर काउंटीसाठी कॉम्पॅक्ट दस्त्याची ७ एमएम-०८. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी रायफल हंगाम उघडतो. आदल्या रात्री परवाना, ओळखपत्र, सुरी, दोरी, टॉर्च आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा एवढं पिशवीत भरून दाराशी ठेवा. परवाना सगळ्यात वर, कारण वॉर्डन पहिल्यांदा तोच मागतो.